उलटी चाहूल

रोज सकाळी सव्वासातला रेडिओवर तीन गोष्टी सांगत असत: तापमान, भरती-ओहोटीच्या वेळा आणि चाहूल. "आजची चाहूल एकावन्न," असं निवेदिका म्हणाली की लोक चहाचा पुढचा घोट घेत. साठच्या वर गेली की कप खाली ठेवत आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघत. सत्तर हा आकडा अजून कोणी ऐकला नव्हता. तो ऐकल्यावर रेडिओपाशी बसून राहायला कोणाला फुरसत मिळणार नाही, हे मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

ही चाहूल म्हणजे काय, ते आधी नीट सांगायला हवं. एखादा देश युद्धाच्या तयारीला लागला की कितीही गुप्तता पाळली तरी रोजच्या जगण्यात त्याच्या खुणा उमटतात. बंदराच्या गावात पाव जास्त खपतो. ठरलेली लग्नं दोन महिने आधी उरकून घेतली जातात. नौसैनिकांच्या बायका माहेरी जास्त वेळा फोन करतात. डिझेलचे टँकर आडवाटेने जाऊ लागतात. यातली एकेक खूण फालतू असते. पण अशा लाखो खुणा रोज गोळा केल्या, त्या त्या जागेच्या नेहमीच्या वागण्याशी ताडून पाहिल्या, आणि फरक तेवढा बाजूला काढून मोजला, तर एक आकडा हाती येतो. हा आकडा शून्य ते शंभरच्या दरम्यान असतो, आणि समोरचा देश लढाईच्या किती जवळ आला आहे ते सांगतो. शास्त्रज्ञांनी त्याला चाहूल असं साधं नाव दिलं, आणि ते लोकांच्या तोंडी बसलं.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. चाहूल मोजणारं यंत्र तुम्ही काय करता ते विचारत नाही. नेहमीपेक्षा वेगळं काय करता, एवढंच विचारतं. आणि तुमच्या बोलण्याला ते कवडीची किंमत देत नाही. भाषणं, करार, खुलासे, शपथा या सगळ्याचं वजन शून्य, कारण खोटं पहिल्यांदा बोलण्यातच शिरतं.

असं यंत्र आपल्याकडे होतं आणि समोरच्यांकडेही होतं. समोरच्यांचं नाव घ्यायची गरज नाही, कचेरीतसुद्धा सगळे त्यांना 'समोरचे' असंच म्हणत. दोन्ही देशांनी कायदा करून ठेवला होता, की दुसऱ्याची चाहूल सत्तरला टेकली की आपल्या राखीव आरमाराला आपोआप हुकूम सुटेल. मंत्र्याला विचारायचं नाही, सेनापतीला उठवायचं नाही. गाफील सापडू नये म्हणून केलेली ही व्यवस्था होती. पण दोन्हीकडची राखीव आरमारं एकदा समुद्रात उतरली, की त्यांना माघारी बोलावण्याचा कायदा मात्र कोणी केला नव्हता.

रेडिओवर सांगत ती समोरच्यांची चाहूल. दुसरा एक आकडा रेडिओवर कधी येत नसे. आपण समोरच्यांना कसे दिसत असू, याचा अंदाज. त्यांच्या यंत्राची नक्कल करून तो आपल्याच प्रयोगशाळेत काढत, आणि त्याला उलटी चाहूल म्हणत. ती रोज सकाळी मोजक्या नऊ जणांच्या टेबलावर जात असे. त्यातलं एक टेबल कमांडर मंदाकिनी टिकम यांचं होतं.

मंदाकिनीबाईंनी राखीव आरमार उभं केलं, असं म्हटलं तर ते अगदीच खोटं नाही. आरमाराच्या तीन फळ्या असतात. पहिली कायम समुद्रात. दुसरी बंदरात, निम्म्या खलाशांनिशी. आणि तिसरी ही राखीव, म्हणजे झाकलेली जहाजं. तोफांवर आच्छादनं, दारं-खिडक्या बंद करून आत सतत कोरडी हवा सोडलेली, आणि प्रत्येक जहाजावर राखणीला पंधरा माणसं. अशी बावीस जहाजं कोकणातल्या पाच खाड्यांमध्ये नांगरून ठेवलेली होती. त्यांची बाकीची माणसं आपापल्या घरी. कोणी मासेमारी करतो, कोणाचं गॅरेज आहे, कोणी शाळेत भूगोल शिकवतो. हाक आली की यायचं, एवढंच.

पूर्वी या माणसांची यादी ज्येष्ठतेनुसार, सगळ्या राज्यातून मिळून केलेली असे. पहिल्या सरावाला जहाजं बाहेर काढायला नऊ दिवस लागले होते. एका जहाजावर पाच आचारी हजर आणि इंजिनावर कोणीच नाही, असा सगळा आनंदीआनंद. मंदाकिनीबाईंनी ती यादी फाडून टाकली आणि गाववार भरती सुरू केली. खाडीकाठच्या गावांनी त्या खाडीतली जहाजं सांभाळायची. माणसं एकमेकांना ओळखणारी, शब्दावर हलणारी, दोन तासांत जहाजावर पोचणारी. पुढच्या सरावाला बावीसच्या बावीस जहाजं चौदा तासांत समुद्रात उतरली. बाईंनी चार वर्षं घासली होती त्यासाठी, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. का नसावा?

त्यांचं स्वतःचं गाव हेदवण. सिंधुदुर्गातलं, खाडीच्या मुखाशी. त्या एका गावाने दोन जहाजांना मिळून तीनशे बारा माणसं दिली होती. गावात त्यांचे वडील, आबा टिकम, एकटेच राहत. वय एक्याऐंशी, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. गावाच्या मानकऱ्यांत त्यांचा पहिला मान, म्हणजे ग्रामदेव रवळनाथापुढे गावाचं गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनी. आई गेल्यापासून मंदाकिनीबाई दर रविवारी सकाळी दहाला त्यांना फोन करत.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी आबांनी फोनवर सहज सांगितलं, "कौल झालो गो. शुक्रवारी गाव पळतलो."

बाईंच्या हातातला पेला तसाच राहिला.

गावपळण ही त्या भागातल्या काही गावांची जुनी रीत. तीन-चार वर्षांनी एकदा देवाला कौल लावायचा. देवाने हो म्हटलं की ठरल्या दिवशी अख्ख्या गावाने घरं बंद करून शिवेबाहेर पडायचं. म्हातारी, तान्ही, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, मागे चिटपाखरू ठेवायचं नाही. शिवेबाहेर झावळ्यांच्या झोपड्या बांधून तीन दिवस तीन रात्री राहायचं. भजनं, फुगड्या, एकत्र जेवणं. मग पुन्हा कौल घेऊन घरी. हेदवणचं गाव पळून कुठे जायचं, तर खाडीपलीकडच्या माळावर. आणि त्या माळाखालीच आता दोन झाकलेली जहाजं उभी होती.

मंदाकिनीबाईंच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. बंदराचं गाव एका सकाळीत रिकामं. बायकापोरं घराबाहेर. आणि तीनशे बारा राखीव खलाशी आपल्या जहाजांपासून हाकेच्या अंतरावर. गावपळण आहे असं समोरच्यांना कळवलं तरी काय उपयोग? बोलण्याचं वजन शून्य!

सोमवारी त्या तडक प्रयोगशाळेत गेल्या. उलटी चाहूल काढणारी डॉ. तस्नीम परकार त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, रत्नागिरीची, सावकाश बोलणारी. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आजचा आकडा बावन्न आहे मॅडम. गाव रिकामं झालं तर किती होईल, ते मला काढावं लागेल. तीन दिवस द्या."

"तीन दिवसांत गुरुवार उजाडेल. शुक्रवारी गाव निघतंय."

"मान्य आहे. पण तोवर काही करू नका."

"अगं, डोळ्यांना दिसतंय ते! त्याला गणित कशाला हवं?"

"आपल्या डोळ्यांना दिसतं ते त्याला दिसत नाही," तस्नीम म्हणाली. "आपण गोष्ट बघतो. ते फक्त फरक बघतं. थांबा तीन दिवस."

बाई थांबल्या नाहीत. चार वर्षांत कुठल्याही कामाला तीन दिवस थांबायची सवय त्यांना उरली नव्हती. मंगळवारी पहाटे त्यांनी गाडी काढली आणि दुपारी हेदवणला पोचल्या.

आबा पडवीत सुपारी कातरत बसले होते. लेकीला बघून अडकित्ता थांबला. "तू? आज? कोण मेलो काय?"

"कोण मेलो नाय, आबा. पण मरतले. तुमी ह्या येळेक गाव पळवू नका."

बुधवारी सकाळी देवळाच्या अंगणात मानकरी बसले, मागे गाव बसलं. मंदाकिनीबाईंनी चाहुलीचं सगळं समजावून सांगितलं. लोक शांतपणे ऐकत होते. चाहूल रोज रेडिओवर ऐकणारीच माणसं ती. शेवटी सरस्वतीकाकी उभ्या राहिल्या. त्यांचे दोन झील, म्हणजे मुलगे, जहाजाच्या यादीत होते.

"मंदा, आमी तीन दिस भायर रवतंव. भात शिजवतंव, फुगडे घालतंव. ह्येका लढाय म्हणतत?"

"काकी, तेंका वरसून फुगडे दिसनत नाय. तेंका रिकामा गाव दिसता आणि जहाजाकडे तीनशे माणसा दिसतत."

"मगे तेंका सांगा, की हो आमचो देव असा."

"सांगलेला ते मानीत नाय, काकी."

काकी खाली बसल्या. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "माझे झील जातले गो पयल्या दिसाक. बघा बाबानू काय ता." आणि पदराने डोळे पुसले. एवढं झाल्यावर कोणी वाद घातला नाही.

आबा उठले. त्यांना ते मनातून पटलं नव्हतं, हे त्यांच्या चालण्यावरून लेकीला कळत होतं. पण लेक कधी नव्हे ती हात जोडून उभी होती. त्यांनी देवापुढे गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरा अडचणीत पडली हत, ह्या वर्साची पळण फुडे ढकलूक दी," आणि मागून गाव म्हणालं, "व्हय म्हाराजा!" पाषाणाला ओल्या कळ्या लावल्या. उजवी कळी पडली. देवाने मानलं होतं. मंदाकिनीबाईंना हायसं वाटलं, अगदी मणभर ओझं उतरल्यासारखं. त्या दुपारी त्या आबांच्या हातचं सोलकढी-भात पोटभर जेवल्या.

गुरुवारी त्या मुंबईत परतल्या, आणि शुक्रवारी सकाळी टेबलावरचा आकडा बघून तशाच प्रयोगशाळेत गेल्या. बावन्नचे अडुसष्ट झाले होते.

तस्नीम वाटच बघत होती. तिने दार लावून घेतलं.

"समोरच्यांनी काल सहा झाकलेली जहाजं उघडायला घेतली. तो त्यांचा हुकूम नाही अजून, पूर्वतयारी आहे. सत्तरला हुकूम."

"पण गाव गेलंच नाही ना! मी थांबवलं त्यांना."

"तेच झालं मॅडम. बसा." तस्नीमने कागद पुढे केला. "समोरच्यांकडे चाळीस वर्षांची आकाशातून घेतलेली चित्रं आहेत. हेदवण दर तीन-चार वर्षांनी मार्गशीर्षात तीन दिवस ओस पडतं आणि चौथ्या दिवशी पुन्हा भरतं. का, ते त्यांच्या यंत्राला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही. ते नेहमीचं आहे, एवढं त्याला पुरतं. या वर्षी गाव रिकामं होणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं."

"म्हणजे गाव गेलं असतं तर किती वाढली असती?"

"काहीच नाही. मी कालच काढलं. शून्य."

बाईंनी कागद जवळ ओढला.

"दर वेळी आठवडाभर आधीपासून माळावर झावळ्या जमतात, या वेळी ते काम बुधवारी एकदम थांबलं. आता ते विचारतंय, की हे गाव या वेळी का निघत नाही? तीनशे बारा राखीव खलाशी असलेलं गाव नेमकं याच वर्षी जागेवर का थांबलं? त्याचे तीन. तुमचं बोलणं ऐकून लोक घाबरले, त्यांनी तांदूळ जास्त घेऊन ठेवला, मुलांना फोन केले. त्याचे दोन."

"पाच झाले. वाढले सोळा."

तस्नीम जरा घुटमळली. "उरलेले अकरा तुमचे आहेत."

"माझे?"

"राखीव आरमार कोणी उभं केलं, ते त्यांना ठाऊक आहे. गेल्या सहा वर्षांत तुम्ही गावी फक्त मे महिन्यात आणि गणपतीला गेलात. या वेळी मंगळवारी, रजा न टाकता, पहाटे निघून, आठ तास गाडी चालवत गेलात. तिथे गेल्यावर दुसऱ्या दिवशी सगळं गाव एका जागी जमलं. आणि मग चाळीस वर्षांची सवय मोडली." तिने मान खाली घातली. "हे मलाही आधी सुचायला हवं होतं. आपण गावं मोजली, जहाजं मोजली. आपली माणसं कोणी मोजली नव्हती."

मंदाकिनीबाईंना स्वतःचा इतका राग आला की त्यांनी टेबलावर हात आपटला. युद्ध टाळायला म्हणून त्या धावत गेल्या होत्या. त्या धावण्यालाच समोरचे युद्ध समजले होते.

"मी आत्ता आबांना फोन करते. गाव उद्या निघू दे."

"आज शुक्रवार आहे," तस्नीम म्हणाली. "तुम्ही रविवारी दहाला करता. फोनवर काय बोललात ते त्यांना ऐकू येत नाही, पण कधी केला आणि किती वेळ चालला ते दिसतं. सरासरी नऊ मिनिटं. आज केलात तर एक किंवा दोन वाढतील. अडुसष्टला दोन परवडत नाहीत."

"दुसऱ्या कोणाला पाठवू?"

"कोणालाही पाठवलं तरी ते पाठवणं झालंच की. रविवारपर्यंत नेहमीसारख्या राहा. उद्या शनिवार. शनिवारी तुम्ही काय करता?"

"मंडईत जाते. मासे आणते."

"मग आणा."

बाईंनी शनिवारी बांगडे आणले. कोळणीशी घासाघीस केली, ती नेहमी करत म्हणून. घरी येऊन बांगडे साफ केले. एकीकडे समुद्रापलीकडे सहा जहाजांची दारं उघडत होती, आणि त्यांना करण्यासारखं काम एकच होतं, ते म्हणजे कालवण. उभ्या आयुष्यात दोन दिवस इतके लांब त्यांना कधी वाटले नव्हते.

रविवारी दहाच्या ठोक्याला फोन लावला.

"आबा, ऐका. मी चुकलंय. गाव उद्या जावक व्हया. सगळो. पयल्यासारखो, हसत खेळत. कोणी घाबरूचा नाय, फोन करूचे नाय." आणि का, तेही थोडक्यात सांगितलं.



"बुधवारी तू सांगलंस म्हणान मी देवाक विचारलंय," आबा म्हणाले. "देवान तुझा आयकल्यान. आता परत जावन सांगू, की म्हाराजा, आमचा चुकला, तू तुझो शब्द फिरव? देव म्हणजे काय तुमच्या हापिसातलो शिपाय वाटलो तुका?"

"आबा..."

"एका कामाक दोनदा कौल घेतलो, तिसऱ्यांदा घेवक येणा नाय. तशी रीतच नाय."

"मगे लढाय होतली, आबा."

मागे कोंबडी कलकलत होती. मग आबा म्हणाले, "किती मिनटा झाली?"

"सात."

"दोन मिनटा माका नारळांचा विचार. मगे ठेव. मी बघतंय काय ता."

सोमवारी सकाळी आबांनी देवळात गाव जमवलं आणि सांगितलं, की पहाटे आपण एकटेच देवापुढे बसलो होतो, आणि देवाने गाव पळवायचा कौल दिला. कोणी शंका घेतली नाही. आबा टिकमांचा शब्द देवाच्या पायरीवरचा. त्यांनी कळ्या लावल्याच नव्हत्या, हे फक्त त्यांना आणि पुढे त्यांच्या लेकीला कळलं. गाव घरं बंद करून खाडीपलीकडे गेलं. झावळ्या बांधल्या, भजनं म्हटली, सरस्वतीकाकींनी सत्तराव्या वर्षी फुगडी घातली. तीन दिवसांनी सगळे परतले.

आकडा मंगळवारी सहासष्ट झाला, गुरुवारी साठ. पुढच्या आठवड्यात पंचावन्नवर येऊन थांबला. समोरच्यांनी उघडलेली जहाजं पुन्हा झाकली. कोणालाही काही कळलं नाही, कुठल्याही पेपरात काही आलं नाही, आणि हजारो माणसं आपापल्या घरी जिवंत राहिली. हे झालं एका म्हाताऱ्याच्या खोटेपणामुळे.

यातून धडा घ्यायचा तो मंदाकिनीबाईंनीच घेतला. महिन्याभरात त्यांनी राखीव आरमारासाठी नवा नियम लिहिला. प्रत्येक राखीव खलाशाचा आणि अधिकाऱ्याचा एक नेहमीपणाचा तक्ता. हा माणूस कधी गावी जातो, कोणाला किती वेळा फोन करतो, बाजार कुठल्या वारी करतो. जगात ताण वाढला की तक्त्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. अकरा हजार तक्ते झाले. पहिला तक्ता बाईंनी स्वतःचा भरला: गावी, मे महिन्याचा दुसरा आठवडा, आणि गणपती. खाली सही केली.

माघ संपता संपता आबा आजारी पडले. आधी ताप, मग पाय सुजले, मग अंथरुणाला खिळले. शेजारच्या सरस्वतीकाकी करत होत्या सगळं. डॉक्टरांनी घरी येऊन तपासलं आणि काकींना बाजूला घेऊन सांगितलं, की हृदय थकलंय, चैत्र काढतील असं वाटत नाही. दवाखान्यात जायला आबांनी साफ नकार दिला. "माका ठाऊक असा ह्या कसला ता," ते म्हणाले. "देवाच्या नावान खोटा बोललंय. तेका दवाखानो काय करतलो?" लेकीने फोनवर परोपरीने समजावलं, रागावली, रडली. म्हातारा हलायला तयार नव्हता.

आणि जगात ताण वाढला होता. दोन परिषदा फिसकटल्या होत्या. उलटी चाहूल चौसष्टवर ठाण मांडून बसली होती.

बाई तस्नीमकडे गेल्या. समोर बसल्या. तस्नीमने विचारायच्या आधीच हिशेब करून ठेवला होता.

"तुम्ही आत्ता गेलात तर अकराच. चौसष्ट आणि अकरा पंचाहत्तर."

"वडील आजारी आहेत, हे दिसत नाही का त्याला?"

"दवाखान्यात असते तर थोडंफार दिसलं असतं. घरात पडलेला म्हातारा दिसत नाही."

"मी राजीनामा देते. मग मी कोणीच नाही ना?"

"राखीव आरमार उभं करणाऱ्या अधिकाऱ्याने अशा वेळी अचानक नोकरी सोडली, तर तेवीस," तस्नीम म्हणाली. "मी सगळं करून बघितलं मॅडम. वेश बदलून, रेल्वेने, दुसऱ्याच्या नावावर. लपून जाणं तर सगळ्यात वाईट."

"मे महिना?"

"मेमध्ये शून्य. नेहमीचं आहे."

"मेपर्यंत ते नाहीत, तस्नीम."

सांगावं की नाही, याचा तस्नीमला निर्णय होत नव्हता. मग तिने सांगितलं. "ते गेले, त्यांची नोंद झाली, आणि मग तुम्ही गेलात, तर दोन. बाप गेल्यावर मुलं धावत गावी जातात, हे त्याला नीट माहीत आहे. लाखो वेळा बघितलंय त्याने. त्या दिवशी तुम्ही कितीही वेगाने गाडी चालवा."

मंदाकिनीबाई त्या दिवशी कचेरीतल्या न्हाणीघरात जाऊन तोंडात रुमाल कोंबून रडल्या. त्यांना बापाकडे जायचं होतं, बाकी काही नको होतं. कोणी अडवलं नव्हतं, दारात पहारा नव्हता, गाडी खाली उभी होती. आठ तासांचा रस्ता. पण त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला सरस्वतीकाकींचे दोन झील होते, तीनशे बारा माणसं होती, बावीस जहाजं होती, आणि समोरच्यांचीही तेवढीच. ती सगळी यादी त्यांनीच केली होती. त्यातलं एकही नाव त्यांना विसरता येत नव्हतं.

रविवार आला. दहा वाजता त्यांनी फोन लावला. काकींनी तो आबांच्या कानाशी धरला. श्वास मोठ्याने ऐकू येत होता, पण बोलणं स्पष्ट होतं.

"येतंस?" आबांनी विचारलं.

या वेळी बाईंनी काही लपवलं नाही. अकरा सांगितले, तेवीस सांगितले, सगळं सांगितलं. आबांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. जन्मभर देवाच्या होकार-नकारावर चाललेला माणूस तो. कोणीतरी दुरून ठरवतं आणि आपण ऐकायचं, हे त्याला नवीन नव्हतं.

"म्हणजे मी जिवंत असासर तुका येवक गावचा नाय," ते शेवटी म्हणाले.

"नाय, आबा."

"आणि मेल्यार?"

"मेल्यार गावतला. तेचे दोनच लागतत."

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. आबा हसत होते. "मगे आधी सांगूचा नाय? वायच घाई करतंय मी."

बाई हसल्या. आबांच्या असल्या बोलण्यावर त्या लहानपणापासून हसत आल्या होत्या. हसून झाल्यावर त्यांच्या मनात आलं, की हे हसू खरंच आलं, की नेहमी येतं म्हणून आणलं? त्यांना ठरवता येईना. घड्याळात पाच मिनिटं झाली होती. उरलेली चार त्या आबांशी नारळांबद्दल बोलत राहिल्या.